न दिसणारे सवंगडी

हुतूतूच्या मैदानावर दोन संघ समोरासमोर उभे राहतात, तेव्हा बहुधा प्रत्येक खेळाडू दुसऱ्याला ओळखत असतो. कोणाचा दम मोठा, कोणाचा पाय चपळ, कोण चिडका आणि कोण पडूनही हसणारा, हे साऱ्या आळीला ठाऊक असते. एखाद्याने रडीचा डाव खेळला, तर दुसऱ्या दिवशी त्याला कोणी खेळायला घेत नाही. मैदानावरील शिस्त पंचाच्या शिट्टीइतकीच या परस्परांच्या ओळखीवरही टिकून असते.

गेल्या काही दशकांत मनुष्याने एक निराळेच मैदान निर्माण केले आहे. ते संगणकाच्या व मोबाइलच्या पडद्यावर वसलेले आहे. तेथे एकाच वेळी देशोदेशींची माणसे एकत्र येतात, गट करतात आणि एखादा कठीण डाव मिळून खेळतात. एका गटातील खेळाडूंनी एकमेकांचे मुख कधी पाहिलेले नसते. खरे नाव माहीत नसते. पुष्कळदा भाषाही एक नसते. कोणी नागपुरातील शाळकरी मुलगा असतो, कोणी कॅनडातील कामावरून थकून आलेला कारागीर असतो, तर कोणी नातवंडे असलेले आजोबाही असतात. पडद्यावर मात्र दिसतात ती केवळ चित्रे आणि घेतलेली टोपणनावे. अशा अनोळखी सवंगड्यांशी कसे वागावे, हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो. परंतु त्याचा विचार करू लागले म्हणजे माणसाच्या सौजन्याची खरी कसोटी कोठे लागते, हे उमगू लागते.

या खेळांचा इतिहास फार जुना नाही. इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात १९७८ साली रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्याने अनेकांना एकाच वेळी खेळता येईल असा एक खेळ रचण्यास आरंभ केला. पुढे रिचर्ड बार्टल या दुसऱ्या विद्यार्थ्याने तो वाढविला. त्या खेळाचे नाव 'मड'. त्यात चित्रे मुळीच नव्हती. अरण्ये, गुहा, खजिने हे सारे शब्दांनीच वर्णिलेले असे, आणि खेळाडूही आपली प्रत्येक कृती शब्दांत लिहूनच करी. तरीसुद्धा त्या शब्दमय जगात मैत्री झाली, भांडणे झाली, कोणी नवख्याला मदत केली, तर कोणी त्याला छळले. माणूस जेथे जातो तेथे आपला स्वभाव बरोबर घेऊन जातो, हेच खरे.

या अनुभवावरून बार्टल यांनी १९९६ साली एक निबंध प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी खेळाडूंचे चार प्रकार सांगितले आणि त्यांना पत्त्यांच्या चार रंगांची उपमा दिली. धन व मान मिळविण्यासाठी झटणारे ते चौकट. कुदळीने जमीन खणावी तसे नवनवे शोधीत फिरणारे ते इस्पिक. गप्पागोष्टींसाठी व स्नेहासाठी येणारे ते बदाम. आणि दुसऱ्यावर प्रहार करण्यात आनंद मानणारे ते किलवर. या वर्गीकरणातून एक उपयुक्त गोष्ट ध्यानात येते. एका गटात आलेली माणसे एकाच हेतूने आलेली असतात असे नाही. एकाला डाव लवकर संपवावयाचा असतो, तर दुसऱ्याला वाटेतील प्रत्येक दालन न्याहाळावयाचे असते. दोघांपैकी कोणीही दुष्ट नसतो. परंतु दोघांनी आपला हेतू आरंभीच सांगितला नाही, तर थोड्याच वेळात एक दुसऱ्याला उतावळा म्हणतो आणि दुसरा पहिल्याला रेंगाळणारा. म्हणून या शिष्टाचाराचे पहिले सूत्र असे की, गटात शिरताच नमस्कार करावा आणि आपण कशासाठी आलो आहोत हे थोडक्यात सांगावे.

गटात खेळणे म्हणजे नेमके काय, हे एका प्रसिद्ध खेळाच्या उदाहरणाने अधिक स्पष्ट होईल. अमेरिकेतील ब्लिझर्ड या कंपनीने नोव्हेंबर २००४ मध्ये 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' नावाचा खेळ सुरू केला. त्यात राक्षसांनी व्यापलेली अनेक भुयारे आहेत. अशा भुयारात साधारणतः पाचजणांचा गट उतरतो आणि त्या पाचांत कामाची वाटणी असते. एकजण 'टँक' होतो. टँक म्हणजे रणगाडा. तो पुढे राहून शत्रूचे सारे घाव स्वतःच्या अंगावर घेतो. दुसरा 'हीलर' होतो. तो गटाचा वैद्य. घायाळ झालेल्यांना तो आपल्या मंत्रशक्तीने बरे करतो. उरलेले तिघे शत्रूवर हल्ला चढवितात. वैद्याची मंत्रशक्ती अमर्याद नसते. ती संपली की त्याला क्षणभर बसून ती पुन्हा भरून घ्यावी लागते.

या रचनेतच अर्धा शिष्टाचार सामावलेला आहे. एखादा हल्लेखोर टँकच्या आधीच उतावीळपणे पुढे धावला, तर शत्रूची झुंड त्याच्यावर तुटून पडते. वैद्य त्याला वाचविण्यात गुंततो, इकडे टँक कोसळतो आणि पाचहीजण गारद होतात. एकाची घाई अशा रीतीने पाचांना भोवते. म्हणून पुढचे दार उघडण्यापूर्वी वैद्याकडे एकदा पाहावे, सर्वजण तयार आहेत ना असे विचारावे, आणि ज्याचे काम त्याला करू द्यावे. डोंगर चढताना जाणता वाटाड्या सर्वांत मागे पडलेल्यावर नजर ठेवून चालतो; गटाचा वेगही सर्वांना झेपेल असाच असावा.

आता एक विचार करण्याजोगी घटना पाहू. आरंभीच्या काळात असा गट जमविणे मोठे कष्टाचे काम होते. खेळातील नगरात उभे राहून 'आम्हांस एक वैद्य हवा आहे' अशी दवंडी पिटावी लागे, जमलेल्यांशी बोलावे लागे आणि मग सर्वांनी भुयाराच्या तोंडापर्यंत वाट तुडवीत जावे लागे. ते जग अनेक समान प्रतींत विभागलेले होते आणि एका प्रतीतील खेळाडू पुनःपुन्हा एकमेकांना भेटत. ज्याने दगा दिला त्याचे नाव तेथे कर्णोपकर्णी पसरे आणि पुढे त्याला कोणी बोलावीत नसे. डिसेंबर २००९ मध्ये कंपनीने नवी सोय केली. खेळाडूने केवळ इच्छा दर्शवावी. यंत्र निरनिराळ्या प्रतींमधून पाच अनोळखी माणसे गोळा करी आणि क्षणार्धात त्यांना भुयारात नेऊन सोडी. कष्ट वाचले, वेळ वाचला; परंतु ज्यांची पुन्हा भेट होण्याचा फारसा संभव नाही, अशी माणसे एकत्र येऊ लागली. नमस्कार न करता येणे, एक शब्दही न बोलता खेळणे आणि मनाविरुद्ध काही घडताच निघून जाणे सोपे झाले. सोय झाली, पण लोकलाजेचा धाक गेला. पुढे २०१९ साली याच कंपनीने खेळाची जुनी आवृत्ती पुन्हा सुरू केली, तेव्हा तीत ही सोय ठेवली नव्हती. कारण गट जमविण्यासाठी घातलेला वेळ ही ओळखीची किंमत होती, असे अनेक खेळाडूंना वाटत होते.

जेथे आपले नाव कोणाला ठाऊक नाही आणि उद्या कोणी जाब विचारणार नाही, तेथे नीट वागण्याचे कारण काय? कारण एवढेच की चित्रामागे माणूस आहे. त्याने दिवसभरातील थोडा मोकळा वेळ काढून तो या पाचांच्या स्वाधीन केलेला आहे. पडद्यावरील राक्षस खोटा असेल, तलवार खोटी असेल. परंतु वाया गेलेली संध्याकाळ खरी असते आणि अपमानाने झालेले दुःखही खरे असते.

याचा सर्वांत मोठा प्रत्यय नवख्या खेळाडूच्या बाबतीत येतो. तो चुकतो, वाट विसरतो, भलतेच बटण दाबतो. अशा वेळी कोणी लिहितो, 'खेळता येत नाही तर आलास कशाला?' पुष्कळ खेळांत मत घेऊन एखाद्याला गटाबाहेर काढण्याची सोय असते. ती खरोखर उपद्रव देणाऱ्यासाठी असते, शिकणाऱ्यासाठी नव्हे. आज जो कुशल आहे तो पहिल्या दिवशी कुशल नव्हता. जपानमधील स्क्वेअर एनिक्स कंपनीच्या 'फायनल फँटसी फोर्टीन' या खेळात यासाठी सुरेख योजना आहे. नव्या खेळाडूच्या नावापाशी कोवळ्या रोपट्याचे चिन्ह दिसते. आपल्याकडे गाडी शिकणाऱ्याच्या वाहनावर तांबडे 'एल' अक्षर असते तसेच ते होय. गटात एखादा त्या डावाला प्रथमच आलेला असेल, तर तशी सूचना सर्वांना मिळते आणि डाव पुरा झाल्यावर त्याच्यामुळे सर्वांना जादा बक्षीस मिळते. त्यामुळे नवखा हा गटावरील भार न ठरता लाभाचे निमित्त ठरतो. तसेच डाव संपल्यावर प्रत्येकाला आपल्या एका सवंगड्याची प्रशंसा नोंदविता येते.

नवख्यानेही आपले कर्तव्य जाणले पाहिजे. 'मी येथे प्रथमच येत आहे' हे आरंभीच सांगण्यात कमीपणा नाही. हे वाक्य ऐकले की बहुतेक माणसे आपण होऊन वाट दाखवितात. न सांगता चुकणाऱ्यावर मात्र लोक चिडतात, कारण तो शिकाऊ आहे की बेपर्वा, हे त्यांना कळावयास मार्ग नसतो.

सर्वांत अधिक भांडणे होतात ती लुटीच्या वाटणीवरून. राक्षस पडला की त्याच्यापाशी एखादे चिलखत, एखादे आयुध सापडते. वस्तू एक आणि इच्छुक पाच! 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'मध्ये यासाठी एक पद्धत रूढ झाली. प्रत्येकासमोर तीन पर्याय येत: 'गरज', 'हाव' आणि 'सोडून दिले'. ज्याला ती वस्तू स्वतःच्या वापरासाठी हवी आहे त्याने गरज म्हणावे. जो ती केवळ विकणार आहे त्याने हाव म्हणावे. गरज म्हणणाऱ्यांचा हक्क आधी. त्यांच्यात एकाहून अधिक असतील, तर यंत्र प्रत्येकासाठी १ ते १०० मधील एक संख्या काढी आणि ज्याची संख्या मोठी त्याला वस्तू मिळे. ही रीत किती साधी आणि किती बोधप्रद आहे! आपल्या इच्छेला तिच्या खऱ्या नावाने हाक मारावयास ती प्रत्येकाला भाग पाडते. परंतु हाव असताना 'गरज' दाबणारेही निघाले. मग २००९ मधील नव्या व्यवस्थेत, जी वस्तू खेळाडूला वापरताच येत नाही तिच्यावर त्याला गरज सांगता येऊ नये, असा बंदोबस्त यंत्रातच करावा लागला. त्यानंतरही वाटणीचे नियम अनेकदा बदलले. जेथे सद्वर्तन कमी पडते तेथे नियम वाढतात, ही गोष्ट खेळाच्या जगातही खरी ठरली.

गट अर्ध्यावर सोडून जाणे हा आणखी एक मोठा दोष आहे. घरच्या घरी एकट्याने खेळावयाचा खेळ हवा तेव्हा थांबविता येतो. अनेकांचा खेळ मधेच थांबत नाही. वैद्य उठून गेला की उरलेल्या चौघांचा डाव तेथेच अडतो. म्हणूनच काही खेळांत पळून जाणाऱ्याला थोडा वेळ नव्या गटात प्रवेश मिळत नाही. परंतु या शिक्षेपेक्षा आधीचा विचार अधिक महत्त्वाचा आहे. डावाला अर्धा तास लागणार असेल आणि आई दहा मिनिटांत जेवायला हाक मारणार असेल, तर त्या डावात शिरणेच चुकीचे आहे. शिरल्यावर एक तर चार अनोळखी माणसांना फसवावे लागते, नाही तर वाढलेल्या ताटावर आईला ताटकळत ठेवावे लागते. अभ्यास उरकून, घरी विचारून आणि पुरेसा वेळ हाताशी ठेवून खेळावयास बसणारा मुलगा घर आणि गट या दोहोंचा मान राखतो. कधी वीज जाते, कधी नेटवर्क तुटते. त्यात दोष कोणाचाच नसतो. परत येता आले तर 'क्षमा करा, वीज गेली होती' एवढे सांगावे, म्हणजे मने स्वच्छ राहतात. दुसऱ्या कोणी अशी अडचण सांगितली, तर तिच्यावर विश्वास ठेवावा. पुण्यात रात्रीचे ८ वाजलेले असतात तेव्हा टोकियोत ११.३० झालेले असतात. तिकडील सवंगडी 'आता मला निजावयाचे आहे' असे म्हणाला, तर त्याला आग्रह करणे योग्य नाही.

बोलण्याच्या बाबतीत तर विशेष दक्षता हवी. समोरासमोर बोलताना डोळ्यांतील हसू दिसते, आवाजातील मार्दव कळते. लिहिलेल्या तुटक शब्दांत यांतले काहीच नसते. मित्राला गमतीने म्हटलेला 'मूर्खा' हा शब्द अनोळखी माणसाला शिवीसारखा लागतो. कोणाच्या देशावर, भाषेवर, उच्चारावर किंवा मुलगी असण्यावर टीका करणे, हे तर सर्वथा निंद्य होय. गटात दोघे मराठी आणि तिघे परके असतील, तर दोघांनी आपापसांत मराठीतच बोलत राहिल्याने तिघांना परकेपणा वाटतो. सर्वांना समजेल अशी भाषा शक्य तेवढी वापरावी. भाषेची अडचण दूर करता येते, याचे एक उदाहरण फार जुने आहे. २००२ साली जपानमध्ये निघालेल्या 'फायनल फँटसी इलेव्हन' या खेळात पुढे जपानी आणि अमेरिकन खेळाडू एकाच जगात खेळू लागले. त्यात ठरावीक शब्दांचा व वाक्यांचा एक कोश होता. त्यातून वाक्य निवडले की ते प्रत्येकाला आपापल्या भाषेत दिसे. जपानी खेळाडूंची आणखी एक रीत अनुकरणीय आहे. डावाच्या आरंभी ते 'योरोशिकु ओनेगाइशिमासु' म्हणतात, म्हणजे आमच्यावर लोभ असू द्यावा. आणि शेवटी 'ओत्सुकारेसामा' म्हणतात, म्हणजे आपण फार श्रम घेतलेत. या दोन वाक्यांना काही क्षणच लागतात, पण तेवढ्याने परक्यांचा गट सवंगड्यांचा होतो.

माइक वापरून बोलताना घरातील दूरदर्शनचा आवाज, कुकरच्या शिट्ट्या, भावंडांचे भांडण हे सारे दुसऱ्यांच्या कानांत शिरते. म्हणून बोलणे नसेल तेव्हा माइक बंद ठेवावा. हार झाली तर प्रथम आपली चूक शोधावी आणि ती एका वाक्यात कबूल करावी. 'माझे चुकले, पुन्हा प्रयत्न करू' हे म्हणणारा एकजण असला की दोषारोपांची साखळी तेथेच तुटते. दुसऱ्याला सूचना द्यावयाची असेल, तर 'तू चुकलास' याऐवजी 'पुढच्या वेळी डावीकडे उभे राहिल्यास घाव चुकेल' असे सांगावे. पहिल्या वाक्याने तो दुखावतो, दुसऱ्याने तो शिकतो.

मात्र सौजन्य म्हणजे भोळेपणा नव्हे. अनोळखी सवंगडी कितीही गोड बोलला तरी त्याला आपले खरे नाव, शाळा, घरचा पत्ता, दूरध्वनी क्रमांक, छायाचित्र किंवा परवलीचा शब्द कधीही सांगू नये. 'हे मी सांगत नाही' असे स्पष्ट म्हणणे हा उद्धटपणा नाही. ते योग्यच आहे. कोणी बीभत्स बोलू लागला, धमकी देऊ लागला किंवा 'हे घरी सांगू नकोस' असे म्हणू लागला, तर उत्तर न देता त्याचा आवाज बंद करावा, खेळातील तक्रारीच्या सोयीचा उपयोग करावा आणि आईवडिलांना अथवा शिक्षकांना तत्काळ सांगावे. प्रत्येक खेळासाठी ठरविलेली वयोमर्यादा पाळणे हाही शिष्टाचाराचाच भाग आहे.

अमेरिकेतील दॅटगेमकंपनी या लहानशा संस्थेने २०१२ साली 'जर्नी' नावाचा खेळ काढला. त्यात खेळाडू वाळवंटातून दूरच्या पर्वताकडे चालत जातो. वाटेत त्याला दुसरा एक अनोळखी प्रवासी भेटतो. दोघांना एकमेकांचे नाव दिसत नाही आणि बोलताही येत नाही. केवळ मंजुळ स्वर काढून साद घालता येते. हा खेळ तयार होत असताना आरंभी दोन प्रवाशांचे धक्के एकमेकांना लागत. तेव्हा काही खेळाडू सोबत्याला कड्यावरून ढकलून देऊ लागले. मग कर्त्यांनी धक्के लागण्याची सोयच काढून टाकली आणि त्याऐवजी असे योजिले की, दोघे जवळ आले म्हणजे एकमेकांच्या गळपट्ट्यात उड्डाणाचे बळ भरावे. तेव्हापासून तेच प्रवासी एकमेकांच्या साथीने वादळातून चालू लागले. खेळ संपल्यावर शेवटी वाटेत भेटलेल्या सोबत्यांची नावे पडद्यावर उमटतात. ज्याच्यासाठी हिमवादळात थांबलो तो कोण होता, हे तेव्हा कळते. आणि आपलेही नाव त्याच वेळी दूर कोठेतरी दुसऱ्याच्या पडद्यावर उमटत असते.

आगगाडीच्या डब्यात, यात्रेच्या गर्दीत, परगावच्या धर्मशाळेत अनोळखी माणसांशी कसे वागावे, हे पूर्वीच्या पिढ्या प्रवासातून शिकत. आजच्या मुलांना ते शिक्षण घरात बसल्या जागीही मिळू शकते. प्रवासात सरकून जागा देणारा आणि गटात वैद्यासाठी थांबणारा, हे दोघे एकाच संस्काराचे असतात. समोरच्याचे मुख दिसत नसतानाही त्याच्या वेळेची आणि मनाची जो कदर करतो, त्याच्याबरोबर पुन्हा खेळावे असे सर्वांना वाटते.